दामूचे दोन ढीग

दामूला काहीही विचारा, तो आधी उकिडवा बसायचा. अंगात पुण्याची इस्त्रीची पँट असली तरी बसायचा. हाताला लागेल ती काडी उचलायची, मातीत एक रेघ ओढायची आणि तिला पुढे दोन फाटे फोडायचे. मग मान वर करून विचारायचा, "बोल, हिकडं गेलास तर काय, आन् तिकडं गेलास तर काय?" म्हशीला पौडच्या डॉक्टरकडं न्यावं का, एवढं साधं कुणी विचारलं तरी ह्याचे फाटे सुरू. फाट्याला फाटा फुटत अंगणभर झाड पसरायचं. दुसऱ्या दिवशी बाया अंगण झाडताना तेवढी जागा सोडून झाडायच्या. माझ्या अंगणात काढलं असलं तर मी त्याच्यावरून बैल काढायचो.

दामू माझा आतेभाऊ. आत्याचा नवरा लवकर गेला, म्हणून ती तान्ह्या दामूला घेऊन आमच्या गावी, भऱ्याला, माहेरी आली ती इथंच राहिली. आम्ही दोघं एका ताटात जेवलो. मी त्याच्याहून थोडा मोठा, म्हणून तो मला दादा म्हणायचा. चौथीत मी शाळा सोडली. गुरुजींनी काढलं असं काही लोक सांगतात, पण मी सोडली. त्याच साली गुरुजींनी माझ्या बापाला सांगितलं की दामूचं डोकं गणितात चालतं, त्याला पुण्याला घाला. बापानं घातलं. भाच्याला पुण्याला आणि पोटच्याला बैलामागं. दामूच्या भाषेत सांगायचं तर पहिला फाटा तिथं फुटला, आणि तो मातीत काढून दाखवायला कुणी नव्हतं.

तो पुढं पुण्यात कॉलेजात गणित शिकवायला लागला. बायको केली तीपण मास्तरीण. ती गावाकडं क्वचित यायची, हा मात्र दर सुट्टीला हजर. मला वाटलं होतं, शहराचं पाणी लागलं की आपली बोली सोडेल, आमच्यापुढं शुद्ध बोलेल, मग लोकच त्याला नावं ठेवतील. ते सुख त्यानं मला दिलं नाही. पिरंगुटच्या स्टँडवर एसटीतून पाय खाली टाकला की 'आहे'चं 'हाय' व्हायचं. म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, कुणाच्याही चुलीपाशी बसून भाकरी मागायचा. गाव त्याच्यावर खूश. आणि मी कधी गाव सोडून गेलो नाही, म्हणून मला मात्र कोणी "कवा आलास?" म्हणून विचारायला यायचं कारण नव्हतं.

माझंही स्वतःचं काही नव्हतं असं नाही. घोटावड्यापासून वर मुळशीच्या धरणापर्यंत कुणाला बैल घ्यायचा असला की आधी मला बोलावणं यायचं. बैलाचं वय दातावर कळतं. अदात, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि शेवटी सगळे दात आलेला, जुळलेला. मालक काहीही सांगो, मी नाकात बोटं घालून मान वर केली, ओठ उलटा केला की बैल स्वतःच सांगायचा. तोंड उघडून बघणं ही ह्या खोऱ्यात माझी विद्या होती.

एकदा आमच्यातल्याच किसननं मला बैल बघायला नेलं. दामू सुट्टीला आलेला, तोही मागं आला. मी बाह्या सारतोय तेवढ्यात दामू किसनला म्हणाला, "सहादाती निघाला तर घेनार का?"

"घेनार."

"आन् जुळलेला निघाला तर?"

किसन हसला. "तरीबी घेनार. मनात भरलाय."

"मग दादाला बैलाच्या तोंडात हात कशाला घालाय लावतुयास?"

जमलेली माणसं हसली. बैलाचा मालक सगळ्यात जास्त हसला. दातावर नुसतं घ्यायचं का नाही एवढंच ठरत नाही, भावही ठरतो, हे उत्तर मला घरी गेल्यावर सुचलं. मी ते ठेवून दिलं आणि तो परत निघाला त्या दिवशी स्टँडवर गाठून त्याला ऐकवलं. मला वाटलं, आता तोंड पडेल. तर हा तिथंच उकिडवा बसला, काडीनं फाटा काढला आणि म्हणाला, "बरोबर हाय दादा. ह्यो फाटा माझा राह्यला व्हता." चार माणसांत चूक कबूल करून वर हसला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

पण ते त्याचं आवडतं वाक्य होतं. 'कळल्यावर काय करशील, ते आधी सांग.' ज्या तपासणीनं पुढचं काही बदलणार नाही, ती तपासणी करू नये, आणि जिच्यानं बदलणार आहे ती टाळू नये. हे तो गुरांबद्दल बोलायचा, कोर्टकज्ज्याबद्दल बोलायचा. पुढं आजाराबद्दल बोलायला लागला.

आणीबाणी उठून एकदोन वर्षं झाली असतील. तोवर सरकारी जीप दिसली की गडीमाणसं नसबंदीच्या भीतीनं डोंगराला लागायची. त्यामुळं पुण्याच्या दवाखान्याची जीप पहिल्यांदा आली तेव्हा गावात माणूस दिसेना. मग जीपमधून दामू उतरला आणि म्हाताऱ्या त्याला बघून बाहेर आल्या. बरोबर एक तरुण डॉक्टरीणबाई होती. बायांची तोंडं तपासायची होती. आमच्याकडं बायका तंबाखू तव्यावर भाजून तिची मिश्री करतात आणि सकाळी दाताला लावतात. लावून झाल्यावरच दिवस सुरू होतो. त्यानं गालाच्या आत पांढरे चट्टे पडतात, आणि त्यातल्या एखाद्याचा पुढं कॅन्सर होतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

दामूचं काय काम, हे गावाला समजेना. बेरीज-वजाबाकीनं दुखणं बरं होतं का, म्हणून मीच देवळापुढं मोठ्यानं विचारलं. दामू मातीत बसला. म्हणाला, "चट्टा लई जनींना आसतो. रोग एखादीलाच. नुसतं बघून कळत न्हाई, तुकडा काढून पुण्याला तपासावा लागतो. समद्यांचा काढला तर फुकट कापलेल्या लई. कुनाचाच न्हाई काढला तर एखादी हातची जानार. आज कुनाचा काढायचा, कुनाला थांबवायचं, आन् थांबवायचं तर कवापतुर, ही रेघ कुटं मारायची एवढंच माझं काम." मग म्हणाला, "आन् थांबनं म्हंजी काय न करनं न्हवं. थांबायलाबी किंमत पडती."

बायांची रांग लागली. माझी बायको सोना रांगेत होती. तिच्या डाव्या गालात आतून चट्टा निघाला. मला तो तिथं, सगळ्या गावासमोर कळला. घरी आल्यावर मी बोललो की मला आधी का सांगितलं नाही. ती चूल पेटवत होती. म्हणाली, "तुमी बैलाची तोंडं बघत हिंडता. मी काय बैल हाय व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना मिश्री सोडायला सांगितली होती. पुढच्या खेपेला पुन्हा बघू, मग कुणाचा तुकडा काढायचा ते ठरवू, असं ठरलं. पुढची खेप आली आणि आक्रीत झालं. एकीमागून एक बाया तोंड उघडत होत्या आणि चट्टे फिके पडलेले, कुणाचे तर गेलेले. डॉक्टरीणबाई आनंदानं नुसती फुलून गेली. गावानं आपलं ऐकलं असं तिला वाटलं. दामू मात्र एका दगडावर बसलेल्या ठकीआजीजवळ गेला. ठकीआजी म्हणजे गावातली सगळ्यात जुनी मिश्रीवाली.

"आजे, खरं सांग. येवड्या समद्यांनी मिश्री सोडली?"

"सोडली की."

"कवापस्नं?"

आजी पदराआड हसली. "तुजी जीप येनार म्हनून निरोप आला तवापस्नं. पाव्हनं येनार म्हनल्यावर आंगन सारवत न्हाई व्हय आमी? जीप गेली की लावू."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. तिचं सगळं काम वाया गेलं होतं. मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, घे, आता हे कुठल्या फाट्यावर मांडतोस? दामू थोडा वेळ डोकं खाजवत बसला आणि एकदम हसायला लागला. उठून डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "बाई, ह्यांच्या लाजेनं आपलं काम केलंय. थोडे दिवस सोडल्यावर ज्यांचा चट्टा फिका पडला, त्यांना थांबवू. सोडूनसुद्धा जो हलला नाही, तो आज बघायचा." मग पुढं त्यानं असंही ठरवलं, की ज्यांना थांबवलं त्यांच्याकडं जीप निरोप न देता येत जाईल. गाव त्याच्यावर रुसलं, पण दोन भाकरी खाण्यापुरतंच.

न हललेल्या मोजक्या बायांत सोना होती, पण तिचा चट्टा लहान होता. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, तुकडा काढू या का? सोना नको म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नको. बाईला वाटलं, कापायला घाबरते. बाईच म्हणाली, असू दे, सुगी झाल्यावर बघू.

त्या संध्याकाळी दामू आमच्या घरी आला. सोना सोप्यात सुपात तांदूळ निवडत होती, मी खांबाला टेकून बिडी ओढत होतो. तो उकिडवा बसला, पण काडी उचलली नाही. मला म्हणाला, "दादा, वैनींचं गनित रेघेच्या लई जवळ आलंय. न हिकडं, न तिकडं. येवड्या जवळ आलं की गनित गप बसतं. मग मान्साला इचारावं लागतं."

मी म्हणालो, "मग मला इचार. लोखंड लागलं की ह्यो रोग पसरतो. माझ्या घरात कापाकापी न्हाई व्हनार. इषय संपला."

त्यानं माझ्याशी वाद घातला नाही. तो सोनाकडं वळला. तिच्या सुपातले मूठभर तांदूळ तिच्याच ओंजळीत घातले आणि म्हणाला, "वैनी, ही तुमची भीती समजा. समदी. हितं उजवीकडं कापायची भीती ठिवा, हितं डावीकडं थांबायची. जशी वाटती तशी वाटून मांडा. बरोबर-चूक काय नसतं ह्यात."

मी हसलो. तिनं दोनदा नको म्हटलेलं सगळ्या गावानं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. उजवीकडं दोनचार दाणे टाकले. बाकीची सगळी ओंजळ डावीकडं रिती केली.

"येवडी?" दामूनं विचारलं.

मग ती बोलायला लागली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, तिला एका दमात इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. म्हणाली, "जीभ सारखी तितंच जाती, भावजी. पीठ मळताना जाती, पान्याला गेलं तरी जाती. आज वाढलाय का, आज खरखरीत लागतोय का. सुगीपतुर मी निस्ती जिभंनं चाचपत बसू? कापायचं दुखतं ते दुखून संपतं. ह्ये संपत न्हाई."

"मग बाईंना नको का म्हनला?"

"ते माझं नको न्हवतं. घरात इचारल्याबिगार कसं व्हय म्हनू?"

दामूनं सुपातनं आणखी एक मूठ भरली आणि माझ्यापुढं धरली. "दादा, तुजी भीती येगळी. तूबी मांड."

मी ती मूठ घेतली नाही. मी उठून गोठ्यात गेलो आणि वैरण टाकलेल्या बैलांना परत वैरण टाकली.

लोकांना वाटेल मला तसला काही संशय होता. तसला नव्हता. तसला असता तर बरं झालं असतं, काठी तरी उगारता आली असती. हा माणूस माझ्या घरात आला, माझ्या बायकोला एक प्रश्न विचारला, आणि तिनं त्याला उत्तर दिलं. ते उत्तर तिच्या पोटात होतं, माझ्या शेजारी निजत होतं, आणि निघालं दाम्यापुढं. गुरांचं तोंड मी उघडावं आणि माझ्या बायकोचं तोंड ह्यानं, ते मला गिळवत नव्हतं. आजही गिळवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोटावड्याहून येणाऱ्या एसटीनं, माझ्या होकाराला न थांबता, सोना आणि दामू पुण्याला निघाली. मी जाणार नव्हतो. पण एसटीचा हॉर्न ऐकल्यावर मी धोतराचा सोगा खोचून धावलो आणि मागच्या दारानं चढलो. ती दोघं पुढच्या बाकावर. मी मागच्या. बावधनच्या पुढं गेलो तरी त्यांच्या माना हलत होत्या. काय बोलत होती, मला शेवटपर्यंत कळलं नाही. उतरल्यावर विचारलं तर सोना म्हणाली, "कुटं काय, खताचं बोलत हुतो." खताचं बोलायला मी नव्हतो का?

तुकडा काढला. पुण्याचं उत्तर यायला वेळ लागला, आणि आलं ते वाईटच आलं. रोग होता. पण नुकता धरलेला, अजून मूळ खोल गेलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मग गालाच्या आतला तेवढा भाग काढला. सुगीत, म्हणजे डॉक्टरीणबाई पुन्हा बघणार होती त्याच्याही आधी, सोना पेंढ्या बांधत होती. आता ती हसली की डावा गाल जरा आत ओढला जातो. एरवी कळत नाही. मिश्री तिनं पुन्हा हातात घेतली नाही.

दामू आता मिरवेल, अशी मी वाट बघत होतो. देवळापुढं बसून सांगेल की माझ्या गणितानं वहिनी वाचली. मी त्याला काय बोलायचं हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं. कुणीतरी त्याला म्हणालंही, "दामू सर, तुमचं बरोबर ठरलं." त्यावर हा म्हणाला, "बरोबर आलं म्हनून बरोबर ठरवलं, आसं नसतं. तुकडा चांगला निघाला आसता तर तुमी म्हनला आसता फुकट कापलं. तरीबी ठरवनं बरोबरच व्हतं. ठरवनं आपलं, येनं आपलं न्हाई." आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "आन् ठरवलं तर वैनींनी."

मी घरी निघून आलो. यश दुसऱ्याला देऊन टाकणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा घेणाऱ्याचा येत नाही. घेणाऱ्याकडनं निदान काढून तरी घेता येतं.

त्यानंतरही तो येत राहिला. केस पांढरे झाले, गुडघे दुखायला लागले, तरी उकिडवा बसायचं सोडलं नाही. उठताना मात्र माझ्या खांद्याचा आधार घ्यायचा. दुसऱ्या कुणाचा घ्यायचा नाही. ते मला आवडायचं, आणि आवडतं हे त्याला कळू नये म्हणून मी दरवेळी म्हणायचो, "खुर्चीत बस की दाम्या, पुन्याचा तू." तो म्हणायचा, "खुर्चीतनं माती लांब पडती, दादा."

तीन वर्षांमागं, सकाळी कॉलेजला निघताना बूट घालायला वाकला आणि तसाच गेला. छातीचं दुखणं. कुणाला काही ठरवायला वेळच मिळाला नाही, फाटा नाही, काही नाही, सरळ रस्ता. निरोप आला तेव्हा सोना सोप्यात बसून रडली. माझी आई गेली तेव्हा ती एवढी रडली नव्हती. मी तिला तसं बोलून दाखवलं. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आत्याबाईंनी मला कदी काय इचारलं न्हवतं." माझ्या आईला ती आत्याबाई म्हणते. तेराव्याला तिनं पाच घरच्या बायकांना जेवायला घातलं, त्या सगळ्या तुकडा काढलेल्या होत्या.

आता माझा आवाज बसलाय. दिवाळीपासून बसलाय. थंडीनं बसलाय, असं मी म्हणतो. बिडीनं बसलाय, असं थोरला मुलगा म्हणतो. पौडच्या डॉक्टरनं घशात बॅटरी मारली आणि म्हणाला, पुण्याला जा, आत गाठ दिसते, तुकडा काढावा लागेल. मी म्हणालो, उन्हाळा लागला की मोकळा होईल. मुलगा भांडला. सून रडली. किसन समजवायला आला, त्याला मी घोगऱ्या आवाजात हाकलला. सोना तेवढी रोज गुळण्यांना गरम पाणी आणून ठेवायची.

काल दुपारी ती सोप्यात सूप घेऊन बसली होती. मी खांबाला टेकलो होतो. तिनं मूठभर तांदूळ उचलले आणि माझ्यापुढं धरले.

"मांडा."

"दाम्याचा ख्योळ मला नको."

"भावजींचा ऱ्हायला न्हाई आता. मी इचारतीया. तुमास्नी कशाची भीती जास्त वाटती?"

आयुष्यात मला हे कुणी विचारलं नव्हतं. बापानं नाही, गुरुजींनी नाही. एकदा विचारलं होतं ते दाम्यानं, तेव्हा मी उठून गोठ्यात गेलो होतो. आता गोठ्यात बैल नाहीत. कुठं जायचं? मी हात पुढं केला. तिनं तांदूळ माझ्या मुठीत घातले आणि नजर दुसरीकडं फिरवली, बैलाचा भाव उपरण्याखाली बोटांनी ठरत असताना माणसं फिरवतात तशी. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. हे तिला दाम्यानं शिकवलेलं नव्हतं. तेवढं मी नक्की सांगतो.

मी बराच वेळ मूठ धरून बसलो. मग उघडली. उजवीकडं, कापायच्या बाजूला, एक दाणाही पडला नाही.

तिनं वळून बघितलं, डावीकडचा ढीग परत सुपात भरला, आणि माझं धोतर, पांघरूण पिशवीत घालायला आत गेली.

उद्या सकाळच्या एसटीनं निघायचं आहे. तिच्या शेजारी, पुढच्या बाकावर, मी बसणार आहे.